सागाचं मोठेपण त्याच्या ताकदीत नाही

लाकडाचा कठीणपणा मोजायची एक जुनी, सरळसोट चाचणी आहे. 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतेपर्यंत दाबायची आणि त्यासाठी किती जोर लागला ते पाहायचं. हिला जान्का चाचणी म्हणतात. सागाच्या बाबतीत हा आकडा साधारण 4.7 किलोन्यूटन येतो. अमेरिकेतल्या पांढऱ्या ओकचा 6 च्या आसपास, आणि दक्षिण अमेरिकेतल्या इपे नावाच्या लाकडाचा 15 च्या वर. म्हणजे ज्या लाकडाला आपण बिनदिक्कत लाकडांचा राजा म्हणतो, ते कठीणपणात जेमतेम मधल्या रांगेतलं आहे. वजनातही तेच. वाळलेला साग घनमीटरला साधारण 630 ते 720 किलो भरतो. आपल्याकडच्या साल वृक्षाचं किंवा शिसवाचं लाकूड याहून बरंच जड असतं.

मग सागाचं एवढं कौतुक कशासाठी? देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांची तुलना करताना सागाला 100 धरून बाकीच्यांना गुण दिले, त्या तक्त्यात याचं उत्तर आहे. ताकदीच्या रकान्यात साल 100 च्या वर जातो. आकार टिकवून धरण्याच्या रकान्यात मात्र तोच साल सागाच्या खूप खाली घसरतो. सागाची खरी कमाई तिथे आहे. तो फारसा हलत नाही, सहज कुजत नाही आणि हत्याराखाली अडून बसत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच लाकडात मिळणं दुर्मीळ असतं. एक-दोन गुणांत सागाला मागे टाकणारी लाकडं पुष्कळ आहेत, सगळ्यांची बेरीज केली की ती मागे पडतात.

यातली एक गोष्ट मात्र खरेदी करताना हमखास विसरली जाते. हे गुण ‘सागाच्या झाडाचे’ नाहीत. ते सागाच्या गाभ्याचे आहेत, आणि गाभा तयार व्हायला वेळ लागतो.

गाभा म्हणजे नेमकं काय

सागाचा ओंडका आडवा कापला की दोन भाग डोळ्यांना स्पष्ट दिसतात. बाहेरचा कडेचा पट्टा पांढुरका-पिवळसर, आणि आतला भाग सोनेरी-तपकिरी. बाहेरचा पट्टा जिवंत झाडात पाणी वर चढवण्याचं काम करत असतो. त्यातल्या काही पेशी जिवंत असतात आणि त्यांत झाडाने पिठूळ अन्न, म्हणजे स्टार्च, साठवलेलं असतं. आतला गाभा या कामातून निवृत्त झालेला असतो.

ही निवृत्ती साधीसुधी नसते. पांढऱ्या लाकडातल्या पेशी मरण्याच्या बेतात आल्या की साठवलेलं अन्न वापरून त्या वेगळीच रसायनं तयार करतात आणि ती आजूबाजूच्या भिंतींत मुरवतात. त्याच वेळी शेजारच्या पेशींचे फुगे पाण्याच्या नळ्यांमध्ये शिरून त्या बंद करतात. लाकूड गडद होतं, त्यातून पाणी सहजासहजी ये-जा करत नाही, आणि किडीला खायला स्टार्चही उरत नाही.

सागाच्या गाभ्यात जमा होणाऱ्या रसायनांपैकी टेक्टोक्विनोन हे सगळ्यांत प्रसिद्ध. रसायनशास्त्राच्या भाषेत ते अँथ्राक्विनोन कुळातलं, आणि वाळवीला ते सोसत नाही. त्याच्या जोडीला लॅपाकॉल आणि त्याची भावंडं, स्क्वालीन नावाचा तेलकट पदार्थ, आणि चक्क थोडंसं नैसर्गिक रबर. रंधलेल्या सागाच्या फळीवरून हात फिरवला की मेण लावल्यासारखं गुळगुळीत, किंचित तेलकट लागतं, ते या तेलकट पदार्थांमुळे आणि रबरामुळे. जुन्या चामड्याची आठवण करून देणारा वासही गाभ्याचाच. पाणी या पृष्ठभागावर पटकन मुरत नाही.

पांढऱ्या पट्ट्यात यातलं जवळपास काहीच नसतं. उलट स्टार्च भरपूर. म्हणून लाकडाचं पीठ पाडणारे भुंगे सागाच्या पांढऱ्या भागावर निवांत जगतात, आणि ओलावा मिळाला तर बुरशीही लागते. एकाच चौकटीतला सोनेरी भाग ठणठणीत आणि कडेची दोन बोटं पोखरलेली, असं दृश्य पाहून लोक लाकूडच बनावट असल्याची शंका घेतात. लाकूड अस्सल असतं. कापणाऱ्याने पांढरा भाग सोडून दिलेला नसतो, एवढंच. असा पांढरा भाग वापरावाच लागला तर त्याला बोरॉनच्या क्षारांचं द्रावण पाजता येतं, कारण त्याच्या नळ्या अजून उघड्या असतात. गाभ्यात असं द्रावण शिरतच नाही. पण त्याला त्याची गरजही नसते.

टिकाऊपणाचे जे दाखले दिले जातात त्यांत कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतातल्या लाकडी कमानी हमखास असतात. साधारण दोन हजार वर्षं त्या तिथे आहेत. दाखला खरा आहे, पण त्याचं सगळं श्रेय सागाला देऊ नये असं मला वाटतं. डोक्यावर अखंड कातळ, जमिनीचा स्पर्श नाही, पावसाची थेट झड नाही. अशा जागी इतर काही चांगली लाकडंही खूप टिकली असती. सागाची कसोटी पाहायची तर ती समुद्रात पाहावी.

जहाजांनी घेतलेली परीक्षा

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागाची जहाजं बांधली आणि ती ब्रिटिश नौदलाने वापरली. त्यातलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज 1817 साली पाण्यात उतरलं आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत्या अवस्थेत जपलेलं आहे. ओकच्या जहाजांना तोपर्यंत दोन दुखणी होती. एक तर कुजणं. दुसरं जास्त मजेशीर आहे: ओकमध्ये टॅनिन आम्ल भरपूर असतं, आणि ते लोखंडी खिळ्यांना खातं. खिळा गंजला की भोवतीचं लाकूडही काळं पडून सैल होतं. सागात हा त्रास फार कमी होतो. त्याच्या तेलकटपणामुळे ओलावा धातूपर्यंत कमी पोहोचतो आणि आम्लाचा माराही तसा नसतो.

लोखंडी चिलखती जहाजं आली तेव्हाही साग हद्दपार झाला नाही. 1860 साली पाण्यात उतरलेल्या ‘वॉरियर’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या साडेचार इंच जाडीच्या लोखंडी कवचामागे अठरा इंच साग बसवलेला होता. तोफगोळ्याचा धक्का शोषून घ्यायचा आणि लोखंडाला चिकटून बसूनही त्याला गंजवायचं नाही, असं दुहेरी काम त्या लाकडाकडून हवं होतं. नुसता कठीणपणा हवा असता तर त्याहून कठीण लाकडं होती.

एक खुलासा इथेच करून टाकतो. साग अभेद्य नाही. समुद्राच्या पाण्यात लाकूड पोखरणारे शिंपल्यांच्या जातीतले किडे त्यालाही कालांतराने त्रास देतात. जुन्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचे त्याला हेही एक कारण. वाळवीलाही गाभा आवडत नाही याचा अर्थ वाळवी त्याला कधीच शिवत नाही असा नाही. दीर्घकाळ ओलसर मातीत रुतलेलं लाकूड, कुठलंही असो, शेवटी मातीचंच होतं.

हलत नाही म्हणजे काय

सगळ्यांत जास्त गैरसमज याच भागाबद्दल आहेत, आणि दारं-खिडक्या, टेबलं, कपाटं यांच्यासाठी हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

लाकूड मेल्यानंतरही हवेशी पाण्याची देवाणघेवाण करतच राहतं. हवा दमट झाली की पेशींच्या भिंती पाणी पितात आणि फुगतात. कोरडी झाली की पाणी सोडून आकसतात. ताज्या ओंडक्यात भिंतींतलं पाणी वेगळं आणि पोकळीतलं मोकळं पाणी वेगळं. वाळताना आधी मोकळं पाणी जातं, तेव्हा लाकूड हलकं होतं पण आकसत नाही. ओलावा साधारण 25 ते 30 टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि खरं आकसणं तिथून सुरू होतं.

हे आकसणं सगळीकडे सारखं नसतं. लांबीत ते जवळपास शून्य. केंद्रापासून सालीकडे, म्हणजे वर्षवलयं ओलांडत जाणाऱ्या दिशेत, मध्यम. वलयांच्या कडेकडेने जाणाऱ्या दिशेत सगळ्यांत जास्त. या दोन दिशांमधल्या फरकामुळेच फळ्यांना बाक येतो आणि खांबांना उभ्या चिरा पडतात. अगदी ओलं लाकूड पार सुकेपर्यंत साग सालीकडे जाणाऱ्या दिशेत साधारण अडीच टक्के आणि वलयांच्या कडेने जाणाऱ्या दिशेत साडेपाच टक्क्यांच्या आसपास आकसतो. पांढऱ्या ओकचे हेच आकडे साधारण साडेपाच आणि दहा आहेत.

आकडे कोरडे वाटतात, म्हणून एक हिशेब करून पाहू. 300 मिलिमीटर रुंदीची फळी घेतली, ओंडका एका बाजूने सरळ चिरत नेला की मिळते तशी, म्हणजे जिच्या रुंदीत वलयं आडवी पसरलेली असतात. कोरड्या हवेत तिच्यात 8 टक्के ओलावा होता, दमट हवेत तो 14 झाला. साग असेल तर फळी साधारण 3.3 मिलिमीटर रुंद होईल. अमेरिकेतला लाल ओक असेल तर साडेसहा मिलिमीटरच्या वर. तीच सागाची फळी केंद्रातून सालीकडे अशा दिशेने चिरलेली असेल तर रुंदी फक्त 1.8 मिलिमीटरने वाढेल.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, साग ओकच्या मानाने निम्माच हलतो, आणि त्याच्या गाभ्यातल्या तेलकट पदार्थांमुळे जो काही ओलावा आत-बाहेर करतो तोही सावकाश करतो. दोन, निम्मा म्हणजे शून्य नव्हे. पावसाळ्यात सागाचं दार घट्ट बसायला लागलं तर त्यात साग नकली असल्याचा पुरावा काहीच नाही. दीड हात रुंद सागाची सलग फळी चौकटीत खिळे आणि गोंदाने चारही बाजूंनी जखडली तर ती साग असूनही तडकेल. म्हणून जुन्या पद्धतीच्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते. तिला हलायला जागा हवी असते.

फळी कशी चिरली आहे हे टोकाकडून पाहिलं की लगेच कळतं. टोकावर वलयांच्या रेषा उभ्या दिसल्या तर ती फळी शहाणी. आडव्या कमानीसारख्या दिसल्या तर वर सुंदर डोंगराकार नक्षी मिळेल, पण ती फळी जास्त हलेल आणि तिला बाक येण्याची शक्यताही जास्त. दर्शनी भागाला दुसरी, आणि जिथे सरळपणा महत्त्वाचा तिथे पहिली, अशी वाटणी करणारा सुतार मिळाला तर त्याला सोडू नये.

वलयं, वेग आणि वय

सागाची वर्षवलयं इतकी ठळक का? सागाला वर्षातले काही महिने कोरडे लागतात. त्या काळात तो पानं गाळून थांबतो. पावसाच्या तोंडावर पुन्हा वाढ सुरू होताना तो आधी मोठमोठ्या नळ्यांची एक रांग घालतो, कारण नव्या पानांना भरपूर पाणी पोहोचवायचं असतं. त्यानंतर बारीक नळ्यांचं, जाड भिंतींचं दाट लाकूड. दरवर्षी ही जोडी. मोठ्या नळ्यांच्या रांगेमुळे सागाचा पोत थोडा खरखरीत, असमान असतो, आणि चकचकीत पॉलिश हवं असेल तर आधी भरणी करून ती छिद्रं बुजवावी लागतात.

यातून एक उलटा वाटणारा निष्कर्ष निघतो. वेगाने वाढलेलं झाड म्हणजे पोकळ, कमजोर लाकूड, असं सर्रास म्हटलं जातं. सागासारख्या रचनेच्या लाकडात तसं होत नाही. मोठ्या नळ्यांच्या रांगेची रुंदी दरवर्षी थोडीफार तीच राहते. वलय रुंद झालं तर वाढतो तो मुख्यतः दाट भाग. उलट अतिशय हळू वाढलेल्या झाडात वलयं इतकी जवळजवळ येतात की नळ्यांच्या रांगांमध्ये दाट लाकडाला जागाच उरत नाही. असं लाकूड हलकं आणि ठिसूळ निघू शकतं. तेव्हा वेगाने वाढलेला साग केवळ त्या कारणाने कमजोर ठरत नाही.

मग लागवडीच्या कोवळ्या सागाबद्दल कुरकुर का होते? कारण वेग नव्हे, वय. पंधरा-वीस वर्षांच्या खोडात पांढऱ्या पट्ट्याचं प्रमाण मोठं असतं. आत जो गाभा तयार झालेला असतो त्यातही संरक्षक रसायनं म्हाताऱ्या झाडाच्या मानाने कमी. शिवाय खोडाच्या केंद्राजवळचं लाकूड झाडाच्या बालपणीचं असतं: पेशी आखूड, रेषा किंचित तिरप्या, त्यामुळे ते पिळवटतं जास्त. ताकदीत हा साग फार मागे नसतो, टिकाऊपणात असतो. युरोपच्या ईएन 350 या मानकात आशियातल्या नैसर्गिक जंगलाच्या सागाला टिकाऊपणाचा पहिला, म्हणजे सगळ्यांत वरचा, वर्ग दिला आहे, आणि लागवडीच्या सागाला ‘एक ते तीन’. हा ‘एक ते तीन’ फार बोलका आहे. लागवडीचा सगळा साग वाईट नाही, पण कुठला चांगला हे नावावरून सांगता येत नाही.

लागवड ही काही आजची गोष्ट नाही. केरळातल्या निलंबूर इथे 1840 च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांच्या पुढाकाराने आणि चातू मेनन यांच्या देखरेखीखाली सागाची लागवड झाली. त्या काळच्या झाडांचा एक तुकडा तिथे अजून राखलेला आहे. तिथली झाडं दीडशे वर्षांहून जास्त वाढली. म्हणजे प्रश्न लागवडीचा नसून घाईचा आहे.

मूळचा साग भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या चार देशांतला. इंडोनेशियातही तो काही शतकांपासून आहे, आणि आता आफ्रिका व मध्य-दक्षिण अमेरिकेतही त्याच्या मोठ्या लागवडी आहेत. भारतातसुद्धा सगळीकडचा साग एकसारखा नाही. मलबारचा साग सरळसोट आणि मोठ्या आकाराचा. आदिलाबादकडच्या सागाच्या गाभ्याला गुलाबी झाक. मध्य भारतातला, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस या प्रांतावरून आपण ज्याला अजून सी.पी. साग म्हणतो तो, रंगाने गडद आणि बऱ्याचदा नागमोडी रेषांचा. बल्लारशा आणि आलापल्लीकडच्या सागाला नक्षीसाठी जो मान आहे तो यामुळे. म्यानमारने 2014 पासून गोल ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हापासून ‘बर्मा साग’ या शब्दाकडे थोडं सावधपणे पाहावं. ‘आफ्रिकन टीक’ आणि ‘ब्राझिलियन टीक’ या नावांनी विकली जाणारी इरोको किंवा कुमारूसारखी लाकडं तर सागाच्या कुळातलीही नाहीत. चांगली लाकडं आहेत, पण साग नव्हेत. आफ्रिकेत लावलेला खरा साग ही तिसरीच गोष्ट, आणि तो साग आहे.

सागाचं खरं नातं कोणाशी, हे सांगायचा मोह आवरत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला तुळस आणि पुदिन्याच्या कुळात बसवतात. आपल्याकडची शिवण त्याच घरातली.

हत्याराखाली

साग रंधायला सुखाचा आहे. रेषा बहुधा सरळ, लाकूड फार कठीण नाही, तेलकटपणामुळे पातं सरकतं. पटाशीने कुसू (खाचेत बसणारं सांध्याचं टोक) आणि खाच स्वच्छ निघते, खोदकामात कडा शाबूत राहतात, स्क्रू पकड धरतो. फळीच्या टोकाजवळ स्क्रू मारताना आधी भोक पाडून घेतलं की फाटायची भीती राहत नाही.

पण एक अडचण आहे आणि ती दिसत नाही. सागाचं झाड जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, शोषून लाकडात साठवतं. प्रमाण जागेप्रमाणे बदलतं, पण वजनाच्या 1.4 टक्क्यांपर्यंतही नोंदलेलं आहे. हाताला कठीण न वाटणारं हे लाकूड धार मात्र भराभर खातं, ते यामुळे. साध्या पोलादी पात्यांना पुन्हापुन्हा धार लावावी लागते. यंत्रावर मोठं काम असेल तर कार्बाइडची टोकं असलेली पाती वापरणं शेवटी स्वस्त पडतं. बोथट पात्याने साग रंधला तर नळ्यांच्या रांगा दबतात, कापल्या जात नाहीत, आणि पॉलिशनंतर त्या जागा धुरकट दिसतात. नागमोडी रेषांच्या फळीवर रंध्याने बारीक सालच काढावी, नाहीतर खपल्या निघतात.

गोंदाची तक्रार वेगळी. गाभ्यातले तेलकट पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. आठवडाभर आधी रंधून ठेवलेल्या फळीवर गोंद लावला तर तो लाकडाला न धरता या थराला धरतो आणि सांधा काही काळाने सुटतो. उपाय साधा आहे: सांधायच्या बाजू जोडण्याच्या दिवशीच, शक्यतो काही तासांच्या आत, ताज्या रंधून घ्यायच्या. जास्तच तेलकट लाकूड असेल तर ॲसिटोनने पुसून, ते उडालं की लगेच गोंद लावायचा. घरातल्या कामाला ताज्या पृष्ठभागावर नेहमीचा पांढरा गोंद चालतो. पाण्यात-पावसात जाणाऱ्या कामाला इपॉक्सी किंवा रिसॉर्सिनॉलच हवा.

पॉलिशचंही तसंच. तेलावर आधारलेलं वार्निश हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. सागातली काही रसायनं नेमकी याच क्रियेला खीळ घालतात, त्यामुळे वार्निश दिवसेंदिवस चिकट राहतं आणि पॉलिशवाल्यावर भेसळीचा आळ येतो. पॉलिएस्टर लॅकरलाही हीच अडचण येते. आधी लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात मारला की लाकूड आणि वरचा थर यांच्यात पडदा तयार होतो आणि प्रश्न मिटतो.

नव्याने चिरलेला साग कधीकधी हिरवट, डागाळलेला, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. तो पाहून घाबरून जाऊन लगेच रंग चढवायची घाई करू नये. उजेडात काही दिवस-आठवडे राहिला की रंग आपोआप एकसारखा सोनेरी होतो. मात्र फळ्या एकमेकींवर अर्धवट झाकून ठेवल्या तर उघडा भाग पिवळा आणि झाकलेला हिरवा, अशी सीमारेषा पडते. ठेवताना सगळ्यांवर सारखा उजेड पडेल असं पाहावं.

उघड्यावरचा साग वेगळ्या वाटेने जातो. ऊन लाकडातलं लिग्निन, म्हणजे पेशींना जोडून धरणारं द्रव्य, तोडतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर चंदेरी-राखाडी थर राहतो. हा थर अगदी वरवरचा असतो. खाली लाकूड ठीक असतं. कोणाला तो रंग आवडतो, कोणाला नाही. नको असेल तर दर काही महिन्यांनी तेल लावत राहण्याची तयारी हवी. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने किंवा तारेच्या ब्रशने घासणं मात्र टाळावं. मोठ्या नळ्यांचा मऊ भाग निघून जातो, दाट भाग कंगोऱ्यांसारखा वर राहतो, आणि मग पुन्हा गुळगुळीत करायला लाकूडच झिजवावं लागतं.

सागाचा भुसा त्रासदायक आहे. लॅपाकॉल आणि त्याच्या जातीच्या रसायनांमुळे काहींच्या त्वचेला पुरळ येतं, डोळे चुरचुरतात, आणि एकदा ॲलर्जी सुरू झाली की पुढच्या वेळी थोड्या भुशानेही त्रास होतो. शिवाय कुठल्याही लाकडाची बारीक धूळ दीर्घकाळ श्वासात जाणं कर्करोगकारक मानलं गेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला पहिल्या गटात टाकलं आहे. पॉलिश पेपर मारताना नाकातोंडावर चांगला मास्क हवाच, नुसता रुमाल पुरत नाही.

वाळवणं आणि निवड

ताजा साग इतका जड असतो की तो पाण्यात नीट तरंगत नाही. म्यानमारच्या जंगलांत म्हणून एक युक्ती रूढ झाली. झाड तोडण्याआधी दोन-तीन वर्षं बुंध्याभोवती साल आणि पांढरं लाकूड गाभ्यापर्यंत गोलाकार छेदायचं. झाड उभ्या उभ्या मरायचं आणि वाळायचं. मग तोडून ओंडके नदीत सोडायचे. वाहतुकीसाठी काढलेली युक्ती, पण लाकूडही सावकाश वाळून निघायचं.

आज ओंडके ट्रकवरून येतात आणि वाळवणं चिरल्यानंतर होतं. साग सावकाश वाळतो, पण फारशा चिरा न पडता वाळतो. एकच गंमत अशी की एकाच ढिगातल्या दोन फळ्या वेगवेगळ्या वेगाने वाळतात. वरची फळी कोरडी लागली म्हणून सगळा ढीग कोरडा, असं धरू नये. ओलावा मोजायचं छोटं यंत्र पाच-सहा फळ्यांना लावून पाहावं. घरातल्या सामानासाठी 8 ते 12 टक्के हवेत. कोरड्या प्रदेशात खालच्या बाजूला, किनाऱ्याकडे वरच्या बाजूला. यंत्र नसेल तर वजन थोडी मदत करतं: वाळलेल्या सागाचं एक घनफूट साधारण 18 ते 20 किलो भरतं. याहून बरंच जड लागलं तर लाकूड ओलं तरी आहे किंवा साग तरी नाही.

फळी निवडताना रंगावर जाऊ नये, रंग चढवता येतो. टोकाकडे पाहावं. मोठ्या छिद्रांच्या रांगा कमानीत ओळीने दिसल्या पाहिजेत. कडेला पांढरा पट्टा किती आहे ते पाहावं आणि तो मापातून वजा करून मगच भाव करावा. चिरताना फळीच्या मधोमध ओंडक्याचं केंद्र आलेलं असेल तर ती फळी रुंद कामाला घेऊ नये, ती तिथेच तडकते. एका कोपऱ्यावरून रंधा फिरवून ताजी साल काढायला सांगावी. चामड्यासारखा वास आणि बोटांना मेणचट स्पर्श, या दोन्ही खुणा हव्यात. जुन्या पाडलेल्या वाड्यातला साग मिळत असेल तर तो बहुधा उत्तम गाभ्याचा असतो. फक्त आत मोडून राहिलेले खिळे शोधून काढल्याशिवाय तो यंत्रावर नेऊ नये. आणि लाकूड घरी आणल्यावर लगेच कापायला घेऊ नये. ज्या खोलीत ते कायमचं राहणार तिथे, मध्ये पट्ट्या घालून, दोन-तीन आठवडे नुसतं रचून ठेवावं. आकसायचं-फुगायचं ते मापं घेण्याआधीच होऊन जातं.